हवाबंद की निर्वात?

अमळनेरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणतात. सध्या त्यांच्या हाती एका पॅकिंग यंत्राची पुस्तिका आहे. क्ष-किरण फिल्म, फोटोचा कागद असा माल हे यंत्र एकामागून एक पाकिटांत भरतं, आतली हवा काढतं आणि तोंड बंद करतं. ताईंनी शीर्षक केलं आहे, ‘सपाट प्रकाशसंवेदनशील पत्र्यांचे अखंड हवाबंद वेष्टन’. पुस्तिका वाचणार आहेत जळगावच्या एमआयडीसीत यंत्रापाशी उभे राहणारे कामगार. ‘हवाबंद बरोबर की निर्वात?’ एवढंच ताईंनी विचारलं आहे, पण मला त्या शीर्षकातल्या इतर शब्दांवरही बोलायचं आहे.

आधी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर. इथे ‘हवाबंद’ चालणार नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे ज्वारीचे बिबडे वाळले की ते डब्यात भरून झाकण घट्ट लावतात. तो डबा हवाबंद. बाहेरची दमट हवा आत शिरत नाही, म्हणून बिबडे सादळत नाहीत. पण डब्यात हवा असतेच. तेच बिबडे पाकिटात घालून यंत्राने हवा ओढून घेतली, तर पाकीट आवळत जाईल आणि हाती चुरा येईल. हवाबंद म्हणजे हवेची ये-जा बंद. आत हवा आहे की नाही, याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. पुस्तिकेतलं पाकीट हवाबंद असणारच, नाहीतर काढलेली हवा परत आत येईल. पण यंत्राचं खरं काम त्याच्या आधीचं आहे, आणि ‘हवाबंद’ म्हटलं की नेमकं तेच गळतं.

ते काम किती मोठं आहे पाहा. आपल्यावरच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो असतो. क्ष-किरण फिल्मचं १४ बाय १७ इंचांचं माप घेतलं तर क्षेत्रफळ दीड हजार चौरस सेंटिमीटरच्या थोडं वर जातं. पाकिटातली सगळी हवा काढली, तर त्याच्या एकेका बाजूवर दीड टनाचा भार येईल. पॅकिंगमध्ये सगळी हवा निघत नाही, पण जेवढी निघते तेवढ्यानेही पाकीट गठ्ठ्याला घट्ट बसतं. मग ट्रक कितीही हादरला तरी फिल्म एकमेकींवर घासत नाहीत आणि त्यांच्यावरच्या नाजूक थराला ओरखडे पडत नाहीत. तो थर जिलेटिनचा असतो. दमट हवा लागली की तोही ओल धरतो, आणि गठ्ठ्यातल्या फिल्म एकमेकींना चिकटू शकतात. बिबड्यांशी नातं आहे ते इथपर्यंतच.

म्हणून शीर्षकात ‘निर्वात’ हवा. शाळेच्या विज्ञानात ‘निर्वात पोकळी’ सगळ्यांनी वाचलेली असते, त्यामुळे शब्द परका नाही. त्याची गंमत मात्र वेगळीच आहे. ‘वात’ हा संस्कृतातल्या ‘वा’ म्हणजे वाहणे या धातूपासून आलेला शब्द, म्हणजे वाहणारी हवा, वारा. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या स्थिर चित्ताला ‘निवातस्थ’ दिव्याची उपमा दिली आहे. वारा नसलेल्या जागी ठेवलेला, न हलणारा दिवा. तिथे हवा आहे, म्हणून तर दिवा तेवतो. ‘निर्वात’चाही जुना अर्थ वारा नसलेला असाच. विज्ञानाने तो हवाच नसलेल्या जागेसाठी घेतला, आणि त्या जागी दिवा विझेल. शब्द चुकीचा घेतला असं मी म्हणत नाही. दीर्घ वापराने तो रुळला आहे आणि तो टिकावा अशी माझी इच्छा आहे. पण आतल्या सूचनांमध्ये ‘निर्वातीकरण करावे’ असं मात्र लिहू नका. ‘हवा ओढून घ्या’ म्हणा. यंत्रावरचा माणूस ‘व्हॅक्यूम मारला’ असंच म्हणतो, त्याला ‘हवा ओढली’ लगेच कळेल.

आता ‘प्रकाशसंवेदनशील’. परिभाषा म्हणून ठीक आहे, ‘प्रकाशसंवेदी’ त्याहून आटोपशीर. पण इशारा म्हणून दोन्ही निकामी आहेत, कारण काय टाळायचं ते त्यांतून कळत नाही. आपल्याकडे यासाठी ‘लागणे’ हे फार समर्थ क्रियापद आहे. ऊन लागतं, नजर लागते, पापडाला हवा लागते. माझ्या आतेभावाचा धुळ्यात फोटो स्टुडिओ होता. डार्करूममधल्या लाल दिव्याखाली कृष्णधवल कागद काढताना तो कोणाला दाराकडे फिरकू द्यायचा नाही. ‘लाईट लागला तर सगळं पाकीट जाईल’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. ज्या खानदेशात चाळीसगावला केकी मूस यांच्यासारखा छायाचित्रकार आयुष्यभर काम करत राहिला, तिथे ही बोली नवी नाही. तेव्हा लिहा, ‘मालाला उजेड लागू देऊ नका’.

पाकिटासाठी ताईंनी आत एके ठिकाणी ‘अपारदर्शक’ वापरलं आहे, तिथेही अडचण आहे. अपारदर्शक असतं ते प्लास्टिक. पण काळ्या प्लास्टिकच्या पाकिटाची शिवण नीट चिकटली नाही, तर कडेने उजेड शिरतो आणि फिल्मच्या काठावर धूसर पट्टा उमटतो. गुण हवा तो अख्ख्या पाकिटाचा. त्यासाठी ‘हवाबंद’च्या चालीवर ‘प्रकाशबंद’ का नको? संस्कृत शब्दाला फारसी ‘बंद’ जोडल्याबद्दल कोणी नाक मुरडेल, पण ‘हवा’ आपण अरबीतून घेतलीच आहे. फक्त ‘डबाबंद’शी गल्लत होऊ नये. तिथे वस्तू डब्यात बंद असते, इथे प्रकाश बाहेर. आणि प्रकाशबंद म्हणजे सगळ्याच किरणांना बंद, असंही नव्हे. १८९६ मध्ये पॅरिसमध्ये बेकरेल यांनी जाड काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवर युरेनियमचे क्षार ठेवले, तरी काचेवर ठसा उमटला. किरणोत्साराचा शोध त्यातूनच लागला. तेव्हा किरणोत्साराचा इशारा पुस्तिकेत वेगळा असेल, तर तो वेगळाच ठेवा.

‘अखंड’ काढून टाका. अखंड दिवा, अखंड सप्ताह हे प्रयोग योग्यच आहेत, पण ‘अखंड वेष्टन’ म्हटलं की फाटलेलं नसलेलं वेष्टन डोळ्यापुढे येतं. न थांबता चालतं ते यंत्र, म्हणून ‘सलग’, आणि तेही क्रियापदाजवळ.

‘पत्रे’ वाचून जळगावात कोणालाही छपराचे पत्रेच आठवतील. कागदाला ‘ताव’ आहे, २४ तावांचा दस्ता छापखान्यात अजून बोलला जातो. फिल्मला मात्र फिल्मच म्हणावं. ‘सपाट’ची गरज नाही, ताव सपाटच असतो.

माझ्या मते शीर्षक असं करावं: ‘फिल्म आणि फोटोकागदाच्या तावांची निर्वात, प्रकाशबंद पाकिटे सलग भरणारे यंत्र’. लांब झालं आहे, पण यंत्र काय करतं ते कामगाराला पहिल्या वाचनात कळेल. पाटीवर जागा कमी असेल तर ‘निर्वात पाकीट यंत्र’ एवढंच ठेवा आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत उजेडाची सूचना लिहा.