भाच्याने केलेली सात पानं

प्रश्न : आमच्या पक्षीनिरीक्षण मंडळाची सात पानांची साधी वेबसाइट भाच्याने करून दिली होती. आता त्याला वेळ नाही. महिन्यातून एकदा सहलीची तारीख बदलायची आणि एखादा फोटो टाकायचा, एवढंच काम असतं. कुणी ड्रीमवीव्हर हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर घ्या म्हणतं, कुणी वर्डमध्येच करा म्हणतं. फुकटच्या सॉफ्टवेअरवर विसंबावं का?

उत्तर : विसंबा, पण ते फुकट आहे म्हणून नव्हे. वेबपान म्हणजे मुळात साधा मजकूर असतो. कोनाकृती कंसांतल्या खुणा आणि त्यांच्यामध्ये तुमची वाक्यं. त्यामुळे ते कुठल्याही साध्या एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये, उघडतं.

ड्रीमवीव्हर उत्तम आहे, १९९७ पासून आहे, पण ते वर्गणी भरून वापरायचं. महिन्याला एक तारीख बदलण्यासाठी कशाला? वर्डचा तर विचारच सोडा. त्यात एक ओळ लिहून वेबपान म्हणून सेव्ह करा आणि ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. तुमची ओळ शोधावी लागेल, इतका पसारा भोवती असतो.

तुमच्याकडे विंडोज असेल तर नोटपॅड प्लस प्लस हा एडिटर घ्या. २००३ पासून चालू आहे, फुकट आहे आणि जुन्या संगणकालाही जड होत नाही. मॅक किंवा लिनक्स असेल तर व्हीएस कोड. तेही फुकट, पण उघडल्यावर इतकी बटणं समोर येतात की पहिल्या दिवशी घाबरायला होतं. त्यातली नव्वद टक्के तुम्हाला कधीच लागणार नाहीत.

फुकटचे एडिटर बंदही पडतात. ब्रॅकेट्सचं काम अडोबी कंपनीने २०२१ मध्ये थांबवलं, अ‍ॅटम २०२२ च्या अखेरीस गुंडाळलं गेलं. मी अ‍ॅटम वापरत होतो. दुसऱ्या दिवशी त्याच फाइली दुसऱ्या एडिटरमध्ये उघडल्या आणि चहा संपायच्या आत कामाला लागलो. याउलट, त्याआधी मी पैसे मोजून घेतलेला एक ‘चित्रं ओढा, सोडा’ छापाचा प्रोग्राम पानं स्वतःच्याच वेगळ्या फाइलीत कोंडून ठेवायचा. ती कंपनी बंद पडली आणि चाळीस पानं मला पुन्हा हाताने टाइप करावी लागली. तेव्हापासून नवं काही घेण्याआधी मी त्यात एक पान करतो, बाहेर काढतो आणि नोटपॅडमध्ये उघडतो. माझी वाक्यं नीट वाचता आली तरच पुढे.

सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आहे ना, तेवढं बघा. नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतील आणि तुम्ही फाँटला दोष देत बसाल. पानं सर्व्हरवर, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवलेली असते त्या संगणकावर, चढवायला फाइलझिला आहे, तेही फुकट. सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्ड मात्र भाच्याकडून आजच मागून घ्या.

आता तुमच्या कामाची खरी गोष्ट. तारीख सातही पानांवर असेल तर प्रत्येक पान उघडू नका. कंट्रोल (मॅकवर कमांड), शिफ्ट आणि एफ एकदम दाबा. फोल्डर निवडा, जुनी तारीख, नवी तारीख, की झालं. पण त्याआधी अख्ख्या फोल्डरची एक प्रत बाजूला काढून ठेवा, कारण न उघडलेल्या फाइलींमधला असा बदल ‘अनडू’ने मागे घेता येत नाही. शोधायचा शब्दही पुरेसा लांब द्या. मी एकदा घाईत ‘वन’ काढून ‘जंगल’ घातलं होतं. ‘पक्ष्यांचे जीजंगल’ असा मथळा दोन दिवस झळकत होता, आणि त्याच्या खाली सभेचं ठिकाण दिलं होतं, सभागृह, दुसरा मजला, नवे भजंगल.