मेडिकेडवर वेअरेबल ब्रेस्ट पंप मिळतो का? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: ताई, नवरा पीएचडी करतोय, मी एफ-२ वर (विद्यार्थ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आहे. न्यू जर्सीत मला मेडिकेड (कमी उत्पन्न असणाऱ्यांचा सरकारी इन्शुरन्स) मिळालंय, आठवा महिना चालू आहे. मैत्रिणीने कंपनीच्या इन्शुरन्समध्ये थोडे डॉलर वर भरून ब्रामध्ये बसणारा पंप घेतला. मलाही वरचे पैसे भरून घेता येईल का?

बहुतेक नाही गं. मैत्रिणीचा प्रायव्हेट इन्शुरन्स आहे, तिथे बेसिक पंपाचे पैसे कंपनी देते आणि भारीतल्या मॉडेलचा फरक आपण भरतो. मेडिकेडचा नियम वेगळा, सप्लायरने मेडिकेडकडून मिळेल तेवढ्यातच भागवायचं, पेशंटकडून वरचे पैसे मागायचे नाहीत. नियम आपल्या भल्यासाठीच आहे पण इथे नेमका आडवा येतो, कारण सप्लायर मग मेडिकेडवाल्यांना महागडं मॉडेल दाखवतच नाहीत. म्हणजे वेअरेबल मिळाला तर पूर्ण फुकट मिळणार, नाहीतर नाहीच. काही प्लॅनमध्ये मिळतो हं, त्यामुळे आधीच नाद सोडू नकोस.

न्यू जर्सीत मेडिकेडला एनजे फॅमिलीकेअर म्हणतात आणि त्यात तू एक प्लॅन निवडलेला असतेस, सप्लायर त्या प्लॅनप्रमाणे बदलतात. कार्डाच्या मागच्या मेंबर सर्व्हिसेसच्या नंबरवर फोन लाव आणि विचार: ब्रेस्ट पंपाचे इन-नेटवर्क (म्हणजे प्लॅनशी करार असलेले) सप्लायर कोण, ई-०६०३ कोडखाली (हा इलेक्ट्रिक पंपाचा कोड) वेअरेबल येतो का, आणि डिलिव्हरीच्या किती आधी पाठवता. इंग्रजीत फोनवर अडखळायला होत असेल तर मराठी इंटरप्रिटर माग, त्याचे पैसे पडत नाहीत.

प्रश्न: सप्लायर म्हणतो प्रिस्क्रिप्शन आलं नाही, डॉक्टरांकडची रिसेप्शनिस्ट म्हणते कधीच फॅक्स केलं. दोन्हीकडे फोन करून वैतागले.

मध्ये तू कशाला पळतेस? प्रिस्क्रिप्शनची कॉपी स्वतःकडे मागून घे, पेशंट पोर्टलवर टाकतात, आणि तीच सप्लायरला अपलोड कर. त्यावर "डबल इलेक्ट्रिक" लिहिलंय ना बघ, नुसतं "ब्रेस्ट पंप" असेल तर हाताने दाबायचा गळ्यात मारतील.

प्रश्न: प्लॅनने सरळ नकाराचं पत्र पाठवलं. आता?

पत्र फेकू नका, त्यावरची तारीख महत्त्वाची. तिथून ६० दिवसांत प्लॅनकडे अपील करता येतं, तिथेही नाही म्हणाले तर त्या निर्णयानंतर १२० दिवसांत स्टेटकडे फेअर हिअरिंग (सुनावणी) मागता येतं. पण बाळाला दूध आज लागतंय, म्हणून अपील टाकून त्याच दिवशी विकच्या (WIC, आई आणि लहान मुलांसाठीची सरकारी पोषण योजना) ऑफिसला फोन करा, बऱ्याच ठिकाणी तेही पंप देतात. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल तर हॉस्पिटल-ग्रेड पंप भाड्याने किंवा लोनवर मिळतो का ते आधी विचारा, त्या वेळी वेअरेबलचा हट्ट नको.

प्रश्न: फक्त वेअरेबलवर भागेल का? मी ग्रोसरी स्टोअरमध्ये कॅशियर आहे, सहा आठवड्यांनी परत जायचंय.

माझं स्पष्ट मत, पहिल्या काही आठवड्यांत नको. दूध नीट सुरू व्हायचं असतं आणि यांची मोटर छोटी. त्यात स्तनाग्र पंपाच्या नळीसारख्या बोगद्याच्या मधोमध बसलंय की नाही ते कित्येक मॉडेलमध्ये धड दिसतच नाही, जरा सरकलं की दूध निघत नाही, चिरा पडतात आणि छातीत गाठी होतात. वाकून खालच्या शेल्फवरचा खोका उचललास की सांडतं ते वेगळंच. फ्लँजचा (स्तनावर बसणाऱ्या फनेलचा) साइज मिलिमीटरमध्ये मोजून घे, डब्यात बहुतेक २४ चा येतो आणि कितीतरी जणींना त्याहून लहान लागतो. मेडिकेडकडून एकच पंप मिळणार असेल तर साधा डबल इलेक्ट्रिक घे, वेअरेबल नंतर सेलमध्ये बघ. आणि काउंटरवर उभ्याउभ्या पंप करायची गरज नाही, २०२२ च्या पंप अ‍ॅक्टप्रमाणे बाळ वर्षाचं होईपर्यंत ब्रेक आणि आडोशाची जागा द्यावी लागते, बाथरूम चालत नाही. मॅनेजरला आधीच लेखी कळवून ठेव.

प्रश्न: वहिनीचा जुना पंप पडून आहे, उकळून वापरू का?

नको. घरगुती पंप एकीनेच वापरायचे असतात असं एफडीए (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी अमेरिकी सरकारी संस्था) सांगतं. नळ्या-बाटल्या उकळता येतील, मोटरच्या आत गेलेलं दूध कसं काढणार?