2025 च्या बेसबॉल हंगामाआधीचा प्रश्न होता: फलंदाज हुआन सोटो न्यूयॉर्क यांकीज सोडून मेट्स संघाकडे गेला, आता यांकीजचं काय होईल?

यांकीजचा संघ दुबळा झाला नव्हता, बदलला होता. सोटोला मेट्सनी 15 वर्षांसाठी 76.5 कोटी डॉलर दिले. त्याची जागा एकटा कोणी भरून काढणार नव्हता, म्हणून यांकीजनी पिचर (चेंडू फेकणारा) फ्रीड, शिवाय बेलिंजर आणि गोल्डश्मिट असे तिघं आणले. मला यातली क्षेत्ररक्षणाची सुधारणा सगळ्यात पटली. कारण 2024 च्या वर्ल्ड सिरीजच्या (विजेतेपदाची अंतिम मालिका) पाचव्या सामन्यात यांकीजकडे 5-0 अशी आघाडी होती. त्यांचा खेळाडू आरन जज याच्या हातून सोपा झेल सुटला, पिचर कोल फलंदाजाला बाद करायला पहिल्या बेसकडे धावलाच नाही आणि हातातला सामना गेला. 2025 साठी पहिल्या बेसवर गोल्डश्मिट आला आणि जज पुन्हा राइट फील्डला (मैदानाच्या उजव्या बाजूला) गेला. खरी काळजी पिचिंगची होती. मार्च 2025 मध्ये कोलच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, तो हंगाम तो खेळणार नव्हता. तरीही फ्रीड तंदुरुस्त राहिला तर यांकीज प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) गाठतील, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं.