सरकारी दवाखाने खाजगी संस्थांकडे दिले तर स्पर्धेमुळे उपचार स्वस्त होतील का?

कोल्हापुरात गुळाच्या अडतीवर २२ वर्षं काढलेला माणूस मी. स्पर्धा आली की भाव उतरतो, हे तुमचं म्हणणं मला तरी पटायला हवं. पण सौद्यात व्यापारी रवा (गुळाची ढेप) फोडतो, रंग बघतो, खडा तोंडात टाकतो आणि मगच बोली लावतो. छातीत कळ आलेला माणूस कसली चव बघणार? त्याला काय लागतंय, किती लागतंय, हे विकणाराच ठरवतो. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच हे दाखवून दिलं होतं.

खाजगी नकोच, असं नाही. आमच्या राजारामपुरीतले खाजगी दवाखाने उद्या बंद पडले तर आपलं भागायचं नाही. म्हणून तर उपचार खाजगीत, पैसे सरकारचे आणि दर ठरलेला, अशा योजना आल्या. २०१२ ची जीवनदायी (आताची महात्मा फुले योजना), मग २०१८ ची आयुष्मान, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. कागदावर झकास.

माझ्या सासऱ्यांना रात्री गडहिंग्लजहून आणलं. एका खाजगी हॉस्पिटलात उत्तर मिळालं, "योजनेतली खाट शिल्लक नाही, रोख भरत असाल तर आत्ता घेतो." मेव्हणा म्हणाला, "दाजी, सरळ सीपीआरला न्हेऊया." सीपीआर म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय. गाडी वळवायला लागलो तशी आतून हाक आली. खाट निघाली! सीपीआर नसतं तर ती निघाली नसती. अडतीवरही ज्याला माल दुसरीकडे न्यायची सोय असते, त्याचंच ऐकतात.

नेदरलँड्समध्ये २००६ पासून खाजगी विमा कंपन्यांतच स्पर्धा आहे. पण मूळ विमा सगळ्यांना सक्तीचा, आजारी माणसाला नाकारायची कंपनीला मुभा नाही आणि जिच्याकडे आजारी जास्त तिला सामायिक निधीतून भरपाई. एवढं कुंपण घालायला सरकारची नजर तयार लागते. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी नर्सिंग होममध्ये दरांचा आणि रुग्णहक्कांचा फलक लावणं बंधनकारक केलंय. आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात तो आहे, कुंडीमागे.

त्यामुळे माझं उत्तर: धुलाई, जेवण, फार तर एमआरआय बाहेर द्या. अख्खा दवाखाना देऊ नका. देणारच असतील तर करारात एवढं बघा, रुग्ण नाकारला तर दंड किती आणि तो वसूल कोण करणार.