हनुवटीवरचे केस, मे महिन्यातलं लग्न आणि लेसर

प्रश्न : माझी मुलगी 24 वर्षांची आहे, रंगाने सावळी. कॉलेजात गेल्यापासून तिच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने राठ केस येतात. दर आठ दिवसांनी थ्रेडिंग करून तिथली कातडी काळवंडली आहे. मे महिन्यात लग्न आहे. पार्लरवाली म्हणते, लेसरच्या सहा सिटिंग घेतल्या की केस कायमचे जातील, पूर्ण चेहऱ्याचं पॅकेज घेतलं तर सवलतही देईन. माझी जाऊ म्हणते, लेसरने कॅन्सर होतो आणि पुढे मूल राहायला त्रास होतो. काय करावं? आणि जाता जाता विचारते, माझ्याही हनुवटीवर चार-पाच पांढरे केस आलेत. त्यांचं काही होईल का?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, तुम्ही जाता जाता विचारलंत त्यापासूनच सुरू करते. तुमचे पांढरे केस लेसरने जाणार नाहीत. लेसरचा प्रकाश काळा रंग शोधत जातो. केसातल्या मेलॅनिनमध्ये, म्हणजे काळा रंग देणाऱ्या द्रव्यात, तो शोषला जातो, त्याची उष्णता होते आणि तिने केसाचं मूळ भाजून निघतं. पांढऱ्या केसात मेलॅनिनच नाही, मग प्रकाश पकडणार कशाला? चार-पाच केसांसाठी इलेक्ट्रोलिसिस करता येतं, म्हणजे एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून विजेने ते मूळ जाळणं. नाहीतर सरळ थ्रेडिंग करा. मीही तेच करते.

लेकीची अडचण नेमकी उलटी आहे. तिच्या केसात मेलॅनिन आहे तसं कातडीतही भरपूर आहे. यंत्र चुकीचं असलं किंवा जोर जास्त लावला, की केसाआधी कातडीच भाजते. हे मी स्वतःच्या हातावर शिकले. एमडी करत असताना आमच्या त्वचारोग विभागात नवं यंत्र आलं होतं आणि मी हौसेने हात पुढे केला. आदल्याच आठवड्यात हरिहरेश्वरला दोन दिवस उन्हात हिंडून आले होते, हे सांगायचं मला सुचलं नाही. रबर बँड ताणून मारावा तसा चटका बसला आणि शेगडीवर वांगं भाजताना मनगटावरचे केस जळल्यावर येतो तसा वास आला. दुसऱ्या दिवशी हातावर टपाल तिकिटाएवढा चौकोनी डाग. तो जायला पाच महिने लागले. हातावर होता म्हणून हसण्यावारी नेला. नवऱ्या मुलीच्या हनुवटीवर असता तर?

म्हणून पॅकेजच्या दराआधी यंत्राची चौकशी करा. सावळ्या आणि काळ्या रंगाला 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचं एनडी-याग जातीचं लेसर यंत्र सगळ्यात सुरक्षित, कारण तो प्रकाश वरच्या कातडीत कमी अडकतो. साधारण 810चं डायोडही जपून वापरलं तर चालतं. 755चं अलेक्झांड्राइट गोऱ्या कातडीला बरं. ‘सगळ्यांना एकच मशीन चालतं’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन घरी या. आधी कानाजवळ छोटा टेस्ट पॅच करून निदान आठवडाभर थांबायला हवं. डोळ्यांवर चष्मा पेशंटच्याही हवा आणि यंत्र धरणाऱ्याच्याही.

पूर्ण चेहऱ्याचं पॅकेज तर मुळीच नको. गालावरच्या बारीक लवीवर लेसर मारला तर कधीकधी तीच लव राठ होऊन वाढते. हे आपल्यासारख्या रंगाच्या बायकांत, जबडा आणि मानेच्या भागात जास्त दिसतं, आणि हार्मोन बिघडलेले असतील तर आणखीच. सवलतीत मिळालेली ही दाढी मी बऱ्याच जणींची निस्तरली आहे.

‘कायमचे’ हा शब्दही विसरा. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासनसुद्धा या यंत्रांना ‘केसांची कायमस्वरूपी घट’ एवढंच म्हणू देतं. लेसर लागू पडतो तो वाढीच्या अवस्थेतल्या केसावर, आणि एका वेळी सगळे केस त्या अवस्थेत नसतात. म्हणून चेहऱ्याला चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ सिटिंग लागतात, आणि नंतरही वर्षातून एखाददुसरी.

तिची पाळी नियमित येते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हनुवटीवर राठ केस म्हटलं की आम्ही आधी तेच विचारतो. पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा बीजकोशांचा विकार, असेल तर मूळ कारण शरीरात तसंच राहतं आणि नवे केस येत राहतात. आधी रक्ततपासणी, लागली तर सोनोग्राफी. औषध आणि लेसर बरोबरीने चालू शकतात.

जाऊबाईंना सांगा, हा एक्स-रे नव्हे. हा प्रकाश कातडीत काही मिलिमीटरच शिरतो, गर्भाशय त्याच्या टप्प्यातच येत नाही. कॅन्सरचीही भीती नको. गरोदरपणात मात्र आम्ही खबरदारी म्हणून करत नाही. मला खरी भीती वाटते ती बधिर करणाऱ्या क्रीमची. अमेरिकेत दोन तरुणींनी लेसरआधी पायभर क्रीम थापून वर प्लास्टिक गुंडाळलं आणि त्यात त्यांचा जीव गेला. 2007 मध्ये तिथल्या प्रशासनाने तसा इशाराच काढला. हनुवटीला डॉक्टरांनी लावलेलं बोटभर क्रीम चालतं. घरून थापून जायचं नाही.

आता डिसेंबर आहे. लगेच सुरुवात केली तर लग्नाआधी चार सिटिंग बसतील. केस बरेच विरळ होतील, पण संपणार नाहीत. शेवटची सिटिंग एप्रिलच्या मध्यात उरका, नंतर ऊन आणि ब्लीच दोन्ही टाळा. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा.

आणि थ्रेडिंग आजपासून बंद. केस मुळापासून उपटला तर लेसरला धरायला काही उरत नाही. मधल्या काळात रेझर फिरवायचा. मुलीच्या हातात रेझर बघून घरात कुणी ना कुणी ओरडणारच, ‘केस जाड होतील!’ होत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं, एवढंच. येताना गेल्या सहा महिन्यांतल्या पाळीच्या तारखा लिहून आणा.