जावातील झरे आणि सात अप्सरा

प्रश्न : आमच्या विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत, त्यांना आम्ही साती आसरा म्हणतो. जावा बेटावरही झऱ्यात उतरणाऱ्या सात अप्सरांची कथा आहे, असे ऐकले. ती कोणती, आणि तेथे झऱ्यांची पूजा अजून होते का?
— एक वाचिका, सातारा

उत्तर : ती जाका तारुबची कथा. फुंकनळी घेऊन पाखरांमागे रानात फिरणाऱ्या या तरुणाला एका 'सेंडांग'मध्ये, म्हणजे झऱ्याच्या कुंडात, सात 'विदोदारी' न्हाताना दिसतात (हा शब्द आपल्या 'विद्याधरी'वरूनच आला) आणि तो एकीचे उत्तरीय चोरतो. उडता न आल्याने मागे राहिलेली ही नवांगवुलान त्याच्याशी संसार थाटते. त्यांना मुलगी होते. भाताची एकच लोंबी भांड्यात घालून ती रोज घराला पुरेल इतका भात शिजवते. झाकण उघडायचे नाही, एवढीच तिची अट असते. एके दिवशी नवरा झाकण उचलतो, आत लोंबी तशीच पडलेली दिसते, आणि तिची शक्ती जाते. मग चारचौघींसारखे तिलाही भात कांडावे लागते, कणगी उतरू लागते आणि तळाशी दडवलेले उत्तरीय हाती लागते. तिच्या रोजच्या कष्टांतूनच चोरी उघडी पडते, हे मला या कथेचे मर्म वाटते. ती स्वर्गात परतते, पण तान्ह्या लेकीला पाजायला येत राहते. या लेकीच्या वंशात पुढे जावातील माताराम राज्याचे राजे झाले, असे जावाची बखर सांगते.

पूजा आजही होते. जावातील बहुसंख्य लोक मुसलमान आहेत, तरी सुगीनंतरच्या 'बर्सिह देसा'त, म्हणजे गावशुद्धीत, अनेक गावे झऱ्यातला गाळ काढतात आणि शंकूसारखा रचलेला भात, म्हणजे 'तुम्पेंग', मांडतात. झऱ्याचा राखणदार, 'जुरू कुंची', धूप जाळून गावाच्या रक्षक आत्म्याला आळवतो आणि त्याला जोडूनच अरबी दुवाही म्हटली जाते. रमजानच्या आदल्या दिवसांत 'पादुसान'साठी, म्हणजे शुद्धिस्नानासाठी, बोयोलालीजवळच्या उम्बुल पेंगिंगसारख्या झऱ्यांवर स्नानाला गर्दी लोटते. लग्नाआधी वधूला न्हाऊ घालताना सात झऱ्यांचे पाणी एकत्र करून त्यात गुलाब, जाई आणि इतर सुवासिक फुले सोडतात. सातच का, तर जावानी भाषेत सात म्हणजे 'पितू' आणि 'पितुलुंगान' म्हणजे साहाय्य. पाण्याबरोबर ते साहाय्यही वधूला लाभावे, ही भावना.

पूर्व जावातील पेनांगुंगान डोंगराच्या उतारावरील जोलोतुंडो या दगडी कुंडावर तर शके ८९९, म्हणजे इ. स. ९७७, असे वर्ष आणि उदयनाचे (हा बालीचा राजा मानला जातो) नाव कोरलेले आहे. 'सुरो' या जावानी वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या पहिल्या रात्री लोक अजूनही त्या थंड पाण्यात उतरतात.