मराठीतून कॉपीरायटिंग, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहिणं, शिकून करिअर होईल का?
होईल. पण कोर्सची फी भरण्याआधी महिनाभर रोज एक जाहिरात लिहा. गूगलच्या सर्च जाहिरातीत मथळ्याला ३० अक्षरं मिळतात, वर्णनाला ९०. त्यात तुमच्या गल्लीतली पिठाची गिरणी बसवून बघा. ‘उत्तम सेवा, वाजवी दर’ कोणीही लिहितं. ‘भाजणी दळून, रात्री ९ पर्यंत’ वाचलं की ऑफिसातून उशिरा घरी येणारी बाई डबा घेऊन निघते. हा फरक कळायला वेळ लागतो, लागू द्या.

मराठीत बरंच काम हिंदी-इंग्रजी जाहिरातींच्या भाषांतराचं येतं. तेही घ्या, फक्त शब्दाला शब्द लावू नका. प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून बघा, जीभ अडखळली की बदला. चांगले दहा-बारा नमुने झाले की पीडीएफ करून जाहिरात एजन्सींना पाठवा.